गाडी निवेपर्यंत

वेंडेल,

गाडी अंगणात आणू नकोस, म्हणून ही चिठ्ठी बाहेर टपालपेटीलाच चिकटवली आहे. चर्चच्या आवारात उभी कर आणि टर्बो थंड होईपर्यंत इंजिन तिथेच चालू ठेव, तापलेलं एकदम बंद केलं तर तो जळतो ना.

दुपारी नवा टर्बो बसवलेली लाइलची ब्युइक तू दारात तशीच धडधडत ठेवलीस, आणि मग तेलाची गळती दाखवायला ती घेऊन ऑर्विलच्या गॅरेजकडे गेलास. तो आवाज ऐकून आई उठल्या आणि त्यांनी लाइलचं ताट मांडलं. "तुझा दीर ना, गाडी निवल्याशिवाय आत यायचा नाही," म्हणाल्या, अगदी हसून. त्याला जाऊन हा दुसरा हिवाळा, हे मला सांगवेना. खरं सांगू, क्षणभर मीही दाराकडे पाहिलं. मीटलोफ वाढायला गेले तर म्हणाल्या, "थांब गं, त्याला येऊ दे."

अजून खिडकीशीच बसल्यात. बाळ अंगावर पितंय, म्हणून अक्षर असं.

गाडी सुरेख झाली आहे रे, त्याच्या हातात होती त्याहूनही. पण आज चालत ये, आणि दार उघडण्याआधी बाहेरूनच मोठ्यानं सांग, "आई, मी वेंडेल आलोय."

डीना