बोटभर सरकलेला अँटेना

२० नोव्हें. २००१, मंगळवार
नवी वही. नव्या वहीत आधी ही यादी लिहायची, सवय.
हातानं केलेलं, आजअखेर : एक बँडचे ट्रान्झिस्टर ३८६ (कॉइल सगळ्या बोटांनी गुंडाळलेल्या, मशीनवर एकही नाही). दोन बँडचे ११४. अँप्लिफायर २७, पैकी तालमींना ९. सागवानी पेटीतला टेबल रेडिओ १, लग्नात सौ.ला दिलेला, अजून चालतो. अंध गुरवासाठी पितळी ठिपके ठोकलेली डायल १.
शिक्षण नववी. गुरू नाही. लोकांचे बिघडलेले सेट उघडून शिकलो.
या वर्षी नवीन केलेला सेट : एकही नाही.

२४ नोव्हें., शनिवार
शाहूपुरीच्या माझ्या दुकानात पुण्याहून रेडिओ कंपनीचे देशपांडे नावाचे साहेब. हातात डिजिटल रेडिओ. जेवणाच्या डब्याएवढा. आवाज थेट उपग्रहावरून येतो म्हणाले. पंधरा-वीस दिवस ठेवा, तरुण मुलं ऐकतात का बघा.
मी म्हटलं, "साहेब, आताची पोरं टीव्हीपुढनं उठत न्हाईत. रेडिओ म्हाताऱ्यांचा झाला."
गिरिजा डबा घेऊन आलेली. माझी एकुलती, बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. म्हणाली, "अप्पा, गप बसा की जरा. साहेब, आमच्या गॅदरिंगला स्टॉल लावून दाखवू?"
साहेब खूश. पोरांना आवडलं तर कंपनी शाहूपुरीत काउंटर उघडणार, आणि काउंटरवर गि. हे त्यांनीच, माझ्यासमोर सांगितलं. पोरगी घरी येईपर्यंत जमिनीवर नव्हती.
सेटच्या पाठीला चिकटपट्टी. उघडल्यास गॅरंटी रद्द. न उघडलेला सेट मी आजवर घरात ठेवलेला नाही.

२६ नोव्हें.
अँटेना वहीएवढा, चपटा, वायरीला जोडलेला. त्याचं तोंड पूर्वेच्या जरा दक्षिणेला, अर्ध्या आभाळाकडे करायचं. मी अंदाजानं लावला. पाऊण तास. मुका. गि.नं माहितीपुस्तक वाचलं, कुणाचं तरी होकायंत्र आणलं, पाच मिनिटांत आवाज.
आवाजात खोट काढता येत नाही. खरखर नाहीच. तीस वर्षं खरखरीतनं आवाज वेगळा काढला, तोच धंदा. इथं मला काम काय?

२ डिसें., रविवार
संध्याकाळी मंगळवार पेठेतल्या आमच्या गच्चीवर गि.चा वर्ग. अकरा जण. हर्षदा नावाची मैत्रीण सेट उचलून चालायला लागली, लगेच बंद. "काका, ह्याला पोर्टेबल कसं म्हणायचं? हलवला की मुका हुतोय की!"
बरं वाटलं. लिहून ठेवतो, बरं वाटलं.
गि. म्हणाली, "मग तू बस की एका जागी. तुला कुठं पळायचंय?" आणि बसले सगळे. अडीच तास. कुठल्या कुठल्या देशातली गाणी. गाण्याचं नाव छोट्या काचेवर उमटतं, ते मोठ्यानं वाचायचे, पुढचं कुठलं येणार यावर पैज. कुणी उठून गेलं नाही.
जिन्यात सौ. म्हणाली, "आपल्या लग्नाच्या वर्षी तुमच्या रेडिओभोवती गल्ली अशीच बसायची, न्हाय?"
सागवानी सेट गच्चीच्या दारातच, फळीवर. अकरांतल्या एकानंही त्याच्याकडे बघितलं नाही.

८ डिसें., शनिवार
गॅदरिंग. गि. आईची साडी नेसलेली. अँटेना खिडकीच्या कट्ट्यावर, चारी कोपऱ्यांना पेन्सिलीच्या खुणा. मी म्हटलं, बघू जरा. "अप्पा, हात लावू नका. तुम्हाला ह्यातलं न्हाय कळायचं." हसत म्हणाली. पण पोरांसमोर म्हणाली.
साडेअकराला देशपांडे. खोली भरलेली, दारापर्यंत पोरं. गि.नं बटण दाबलं. आवाज नाही. परत दाबलं. मागून कोणीतरी, "ओ ताई, सेल घातल्यात का शेणी?" सगळी खोली हसली. वीस मिनिटं ती एकटी बटणांशी झटत होती, मान वर न करता. साहेब घड्याळ बघून निघून गेले.
कारण : वाऱ्यानं अँटेना हलला असावा.

९ डिसें.
कालची शेवटची ओळ खोटी आहे. आजवरच्या सगळ्या वह्यांतली पहिली.
वारा नव्हता. गि. साहेबांना आणायला फाटकाकडे गेली तेव्हा मी अँटेना सरकवला. बोटभर, तोंड उत्तरेकडे. खुणा अंगठ्यानं पुसल्या.
वाटलं, अडेल, मग हाक मारेल. "अप्पा, बघा जरा." मी पुढं होईन, लावून देईन, सगळ्यांसमोर. एवढंच हवं होतं.
तिनं हाक मारली नाही. मी दारात उभा होतो, सात पावलांवर. हाक नाही म्हणून गेलो नाही. वीस मिनिटं.

१२ डिसें.
गि. अर्धी भाकरी खाऊन उठते. माहितीपुस्तक तोंडपाठ झालंय तरी वाचते. "अप्पा, मी खुणा केलत्या. गेल्या कुठं? का केल्याच न्हाईत मी?"
मी सोल्डरिंग करत होतो. मान हलवली. व्हय म्हणून की न्हाय म्हणून, मलाच...
शेजारचा सायकलवाला महादू, "काय पावणं, पोरीनं रेडिओ बुडवला म्हणं तुमच्या?" "व्हय," म्हणालो. तोंडातून तेच आलं.

१६ डिसें., रविवार
तिघं नृसिंहवाडीला. सौ.नं गि.च्या नोकरीसाठी नारळ ठेवला. घाटाच्या पायरीवर आम्ही दोघंच बसलो. आज सांगायचं ठरवून गेलतो. "गिरू," म्हटलं.
"राहू दे अप्पा. समजूत नका घालू. चुकलं ते माझंच." पाण्याकडे बघत होती. मग, "तुम्हाला हात लावू दिला असता तर असं झालं नसतं."
हेच ऐकायचं होतं मला, त्या दिवशी. ते असं मिळालं.
कवठाची बर्फी घेतली. परत आलो.

२२ डिसें., शनिवार
दुपारी देशपांडे सेट न्यायला घरी. गि. कॉलेजात, सौ. दळणाला. त्यांना सांगितलं सगळं. बोट, अंगठा, सात पावलं.
ते हसले. "अहो, म्हणजे सेट उत्तमच होता! मला तेवढीच काळजी होती."
विचारलं, मग गिरिजाचं? "काउंटर उघडतोय, पण ती जागा सांगलीच्या एका मुलीला दिली हो. पत्र गेलं परवा. आता काय करणार?" मग खुर्ची पुढं ओढून म्हणाले, "पण तुमच्यासारखा माणूस आम्हाला हवाय."
मी म्हटलं, "तरुण पोरं ऐकतील साहेब. माझ्या गच्चीवर अडीच तास ऐकलंय. कंपनीला तेवढं लिहून कळवा. आणि पोरांना बसवलं कुणी, तेही लिहा." कळवतो म्हणाले. कळवतील की नाही, माहीत नाही.
सेट गेला. फळीवर सागवानी तेवढा.
पावणेपाच. पाचला गि. येईल. ही वही ९ तारखेचं पान उघडून तिच्या टेबलावर ठेवली. मिटली. परत उघडली. ती आधी विचारेल, साहेब काय म्हणाले. ते तोंडानं सांगताना माझ्याकडून कमीजास्त होईल, म्हणून इथं लिहितो.
मला शाहूपुरीच्या काउंटरवर दुरुस्तीचं काम, पाटीवर माझं नाव, सेट उघडायची परवानगी, महिना साडेसात हजार. नाही म्हणालो.