प्रल्हादचा आलाप आणि माझी एक धाव

ट्रुगानिना, मेलबर्न
कोजागिरीनंतरचा बुधवार

प्रिय मित्र आणि तासगाव पंचक्रोशीतल्या समस्त वरातींचे क्लॅरिनेटवाले श्री. प्रल्हाद यांस,

रविंद्राचा साष्टांग सोडून बाकी सर्व प्रकारचा नमस्कार (साष्टांगाला उजवा गुडघा तयार नाही, कारण पुढे येईल). आम्ही इकडे खुशाल आहोत, निदान हे वाक्य लिहीपर्यंत तरी आहोत. पत्र तुला पोचेपर्यंत काय होईल ते सांगता येत नाही. तुझी नवी कवळी बसली का? हिरड्यांना टोचत असेल तर परत जाऊन घासून घे, लाजू नकोस. वहिनींचा खोकला कसा आहे? गणपतीपासून तू फोन उचलत नाहीस. आधी वाटलं चार्जिंग नसेल. मग वाटलं रागावलास. मग मला जे वाटलं ते मी लिहीत नाही, पण त्या दिवशी जेवलो नाही. शेवटी शोभाने वहिनींना फोन लावला तेव्हा कळलं की तू ठणठणीत आहेस, दोन्ही वेळा भाकरी कुस्करून खातोस, फक्त दात काढल्यापासून क्लॅरिनेट कपाटावर टाकलं आहेस आणि जो तो फोनवर "वाजवतोस का" विचारतो म्हणून फोनही त्याच्याच शेजारी टाकला आहेस. म्हणून हे पत्र. पत्र उचलावं लागत नाही, ते आपलं दारात येऊन पडतं.

आता मुद्दा. प्रल्हाद, मी बेसबॉल खेळलो. नुसता खेळलो नाही, धाव काढली. खाली बसून वाच.

झालं असं की जूनमध्ये आम्ही श्रीनाथकडे आलो तेव्हा इथे कडाक्याची थंडी, बाहेर पडायची सोय नाही, आणि टीव्हीवर क्रिकेट. तुला माझा स्वभाव माहीत आहे. मधल्या फळीला गळती लागली की माझ्या छातीत गळती लागते. आमची सून मेधा नर्स आहे, तिकडे वेरिबीच्या बाजूच्या हॉस्पिटलात. तिने एका सामन्यात मध्येच माझ्या दंडाला तो फुगा बांधला, आकडा बघितला आणि टीव्ही बंद केला. "बाबा, स्टेंट टाकलेल्या माणसाने हे बघायचं नाही. दुसरं काहीही बघा." मग नात स्वरदाने बेसबॉल लावून दिलं. अमेरिकेतली रात्र म्हणजे इथली सकाळ, त्यामुळे चहाबरोबर सामना. मेधा म्हणाली, हे चालेल, कारण तुम्हाला यातलं काही कळत नाही. दोन महिन्यांत सगळं कळायला लागलं आणि प्रेशर होतं तिथे परत आलं. पण तोपर्यंत मी एका संघाचा झालो होतो. निळ्या टोपीवाले. वर्षानुवर्षं हरतात. आपल्या एसटी डेपोचा संघ आठवला आणि जीव जडला.

हा खेळ तुला समजावून सांगायचा तर असा की सगळे फुलटॉस. टप्पा नाहीच. गोलंदाज पुतळ्यासारखा उभा राहतो, टोपी सारखी करतो, मान हलवून नाही म्हणतो, परत नाही म्हणतो, थुंकतो, आणि मग एकदाचा फेकतो. (शोभा तिची मालिका सुरू व्हायची वाट बघत बसते तेव्हा विचारते, "यांना कुणी घरात थुंकू देतं का हो?") आणि यातली सर्वात चांगली गोष्ट ऐक. फलंदाजाने काहीच केलं नाही आणि गोलंदाजाने चार चेंडू वाईट टाकले, तर फलंदाजाला पहिल्या बेसवर मानाने चालत जाऊ देतात. बेस म्हणजे मैदानात ठेवलेली उशी, अशा तीन, आणि चौथा घरचा पाट; तिन्ही उशांना शिवून पाटावर परत आलं की एक धाव. काहीही न करण्याचं बक्षीस देणारा खेळ मी सत्तर वर्षांत पहिल्यांदा बघितला.

इंग्रजी समालोचन माझ्या डोक्यावरून जातं. म्हणून मी आवाज बंद करतो आणि मोबाइलवर तुझं क्लॅरिनेट लावतो. खोटं नाही सांगत. श्रीनाथच्या लग्नातलं, मेधाच्या पाठवणीच्या वेळी तू जो आलाप घेतलास तो. अख्खा मांडव रडत होता, वाढपीसुद्धा, आणि कुणीतरी ते सगळं रेकॉर्ड केलेलं. गोलंदाज मान हलवतो तेव्हा तू वरच्या सुरावर थांबलेला असतोस. तो फेकतो तेव्हा तू खाली येतोस. दोघांनाही घाई नाही. मला तर वाटायचं बेसबॉलला तूच साथ करतोस. एकदा चुकून टीव्हीचा आवाज सुरू झाला तेव्हा कळलं की त्यांचीही पेटी असते, मोठी, सर्कशीतल्यासारखी वाजते. तुझ्यापुढे काही नाही.

आमच्या शेजारी डॅरेल राहतो. माझ्याच वयाचा, पण चड्डीवर हिंडतो. खिडकीतून त्याने मला निळ्या टोपीवाल्यांवर ओरडताना बघितलं आणि खूष झाला. तो इथल्या बेसबॉल क्लबचा जुना माणूस. दरवर्षी मोसम सुरू होताना म्हाताऱ्यांचा एक मजेचा सामना असतो, त्यात त्यांना एक गडी कमी पडत होता (कमी का पडत होता हे मी विचारलं नाही, आमच्या वयात विचारू नये). मी म्हटलं, डॅरेल, आय हॅव स्टेंट. तो म्हणाला, "नो वरीज मेट, आय हॅव टू."

घरात रणकंदन. शोभा म्हणाली, "खाली पडलेला चमचा उचलायला मला हाक मारतात आणि निघाले पळायला. पडलात तर पुढच्या विमानाने तासगाव, आणि परत कधी आणणार नाही." मेधाने अट घातली की ती ड्यूटी संपवून मैदानावर येईल आणि मी पळणार नाही, चालणार. मी दोघींना हो म्हटलं. मला एवढंच हवं होतं, प्रल्हाद, आयुष्यात एकदा त्या उशीवर पाय ठेवायचा. झोपेतसुद्धा पाय हलायचे. सराव म्हणून मी हेल्मेट घालून कॉलनीत फेऱ्या मारायला लागलो. इथे या दिवसांत मॅगपाय नावाचे पक्षी माणसाच्या टाळूवर झडप घालतात, त्यामुळे हेल्मेटचा दुहेरी उपयोग झाला. माझं बघून दोन तेलुगू आजोबांनीही नातवंडांची सायकलची हेल्मेटं घातली.

मग डॅरेलने विचारलं, तुझं गाणं कुठलं? इथे प्रत्येक फलंदाज मैदानात येताना त्याच्या आवडीचं गाणं भोंग्यावर लावतात, वरातीत नवरदेव येतो तसं. मला तर घामच फुटला. श्रीनाथ म्हणाला ढोल-ताशा लावू. स्वरदाने इंग्रजीतलं एक ऐकवलं, त्यात एक बाई नुसती धमकी देत होती. शोभा म्हणाली, "देवाचं काहीतरी लावा, परत येतील न येतील." मी म्हटलं, माझं गाणं एकच, प्रल्हादचं. स्वरदा म्हणाली, "आजोबा, इट्स ओन्ली फिफ्टीन सेकंद्स." मी तिला बजावलं की प्रल्हादकाकांना पंधरा सेकंदांत क्लॅरिनेटची रीड ओली करता येत नाही. सुरुवातीपासून लावायचं आणि सूर खाली येईपर्यंत तोडायचं नाही. वादकाला मध्येच तोडणं हे पाप आहे.

रविवारी माझी पाळी आली. हातात बॅट, दसऱ्याला पूजलेली, दांड्याला आपट्याचं पान बांधलेलं. मी निघालो आणि भोंग्यातून तू सुरू झालास.

प्रल्हाद, तुला काय सांगू. मैदान गप्प झालं. आधी डॅरेलने टोपी काढली. मग पंचाने तोंडावरची जाळी काढून छातीशी धरली. मग समोरचे नऊच्या नऊ म्हातारे, एका ओळीत असल्यासारखे, टोप्या काढून, मान खाली घालून उभे. सॉसेज भाजणाऱ्याने चिमटा खाली ठेवला. लहान पोरांना आयांनी गप्प केलं. तू वरच्या सुरावर थांबलास तेव्हा झाडावरचा मॅगपायसुद्धा ओरडला नाही. आपल्याकडे वरातीत लोक तुझ्या तोंडापुढे नोटा नाचवतात, असा मान कधी दिला का कुणी? मीही हात जोडून उभा राहिलो. तेवढ्यात मेधा हॉस्पिटलच्या कपड्यांतच धावत आली, तिच्या पाठवणीचा आलाप तिच्या कानावर पडला आणि ती कुंपणाला धरून हमसून रडायला लागली. चार-पाच गोऱ्या बायकांनी तिला जवळ घेतलं. आलाप संपला तेव्हा डॅरेल हळूच माझ्यापाशी आला आणि म्हणाला, "गुड मेट ऑफ युवर्स?" मी म्हटलं, सिक्स्टी इयर्स. फ्रॉम स्कूल. प्लेड इन एव्हरी वेडिंग. नाऊ नो प्लेइंग. सायलेंट. त्याने माझा खांदा दाबला. अशी रसिकता.

गोलंदाज, निवृत्त शाळामास्तर होता, त्याचे डोळे पाण्याने भरलेले. चेंडू कुठेही पडायला लागले. एक माझ्या मागून गेला. चार झाले आणि पंच म्हणाला, जा. मी पहिल्या उशीकडे निघालो. इथे बॅट टाकून जायचं असतं. पण पूजलेली बॅट मातीत कशी टाकणार? काखेत घेऊन गेलो आणि क्रिकेटच्या सवयीने लांबूनच उशीला टेकवली. पंचाने मान डोलावली.

पुढचा फलंदाज एक धिप्पाड प्लंबर. त्याने पहिलाच चेंडू असा हाणला की सगळे वर बघत राहिले. मी मेधाला दिलेलं वचन विसरलो आणि पळालो. दुसरी उशी, बॅट टेकवली. तिसरी उशी, बॅट टेकवली. मागून धपधप आवाज येत होता, मला वाटलं चेंडूवाला आला. तो प्लंबर होता. या खेळात मागच्याने पुढच्याला ओलांडलं तर ओलांडणारा बाद. त्यामुळे तो बिचारा घाटात एसटीमागे अडकलेल्या मोटारीसारखा माझ्यामागे रांगत होता आणि म्हणत होता, "टेक युवर टाइम, मेट." चेंडू केव्हाच कुंपणाबाहेर गेला होता, चालत आलो असतो तरी चाललं असतं, हे मला नंतर कळलं. घरच्या पाटाशी मी बॅट लांब करून आडवा झालो (गुडघा तो हाच). पंच वाकून म्हणाला, "फूट, मेट. युवर फूट." मी पाय सरकवला. धाव झाली. आमचा संघ चौदा धावांनी हरला, पण त्या एका धावेला दोन्ही संघांनी टाळ्या वाजवल्या. शोभा आत आली, माझ्याकडे बघितलं, बॅटवरची माती पदराने पुसली आणि म्हणाली, "चला." विमानाचं काही बोलली नाही.

तर असं तुझं क्लॅरिनेट सातासमुद्रापार गाजलं. आता तरी समजूत घाल मनाची. वहिनींना नमस्कार. गुडघ्याची काळजी करू नकोस, मी करतोच आहे.

तुझा,
रविंद्र

ता. क. एक गोष्ट राहिली. काल डॅरेल आणि त्याची बायको दारात उभे होते, हातात फॉइलने झाकलेला भाजीचा थाळा आणि एक कार्ड. मेधाने कार्ड वाचलं आणि ती जिन्याच्या पायरीवर बसली. स्वरदाने मला सांगितलं. इथे मैदानावर असं एकटं, सावकाश वाद्य वाजलं तर ते गेलेल्या माणसासाठी असतं. लोक टोपी काढून उभे राहतात. म्हणजे प्रल्हाद, मोकळेपणाने सांगतो, ट्रुगानिनामध्ये तू वारला आहेस. शोभाला वाटलं धावेबद्दल अभिनंदन करताहेत, तिने दोघांनाही थँक्यू म्हटलं.

ता. क. २. (शुक्रवार, पत्र टाकायचं राहिलंच आहे.) मी सांगायला गेलो होतो. दोनदा. डॅरेल गॅरेजमध्ये रंधा मारत होता. पहिल्या उशीच्या बाजूला तुझ्या नावाचं बाकडं बसवायचं क्लबने ठरवलं आहे आणि ते तो स्वतः करतो आहे, जुन्या लाल लाकडाचं. त्यावर हात फिरवून मी परत आलो. शिवाय ते चार चेंडू मास्तरने दुःखात टाकले. तू जिवंत निघालास तर माझी धाव राहील का, ही चिंता वेगळीच. मेधा म्हणते, "बाबा, तुम्ही सांगा नाहीतर मी सांगते." बाकडं दिवाळीनंतरच्या रविवारी बसणार. तर आता विनंती. कपाटावरून क्लॅरिनेट काढ. कवळी घालून किंवा काढून, कसंही, वाजव, आणि वहिनींना मोबाइलवर व्हिडिओ घ्यायला सांग. तोंड नीट दिसलं पाहिजे. फुसफुस झाली तरी चालेल, मेलेला माणूस फुसफुससुद्धा करत नाही. तो व्हिडिओ मी त्या रविवारी भोंग्यावर लावतो, मग माझं काय व्हायचं ते होवो. प्लंबरलाही मैदानात येताना लावायला तुझं काहीतरी हवं आहे, जरा चालीचं.

ता. क. ३. बाकड्यावरच्या पितळी पट्टीसाठी डॅरेलने दोन सालं विचारली. पहिलं, जन्माचं, मी सांगितलं. दुसऱ्याला म्हटलं, जागा मोकळी ठेव. त्याला वाटलं दुःखाने मला बोलवत नाही. त्याने रेघ मारली आणि पुढे कोरं सोडलं. आता ती पट्टी चकचकीत करून ठेवली आहे. ते कोरंच राहू दे. आणि फोन उचल.