आठव्या फेरीतले उपोषण

४ मार्च, सोमवार

पुन्हा आठवी फेरी! सात फेऱ्या रथ वायुवेगाने धावतो. आठवीत, सरळ रस्त्यावर ऐन वेगात, इंजिनाला उचकी लागते आणि पुढच्या वळणाआधीच श्रीमंतांची स्वारी गवतात विसावते. टाकीत अर्ध्याहून अधिक पेट्रोल. भरल्या घरात उपासमार — इंधन आहे, ते इंजिनापर्यंत पोचत नाही. का पोचत नाही, हे अज्ञात.

गाडी ढकलत आणली. प्रथेप्रमाणे झाकण उघडून पेट्रोल पाहिले, झाकण लावले, बटण दाबले — चालू! जणू काही घडलेच नाही. इतका निर्लज्जपणा मी आजवर केवळ नातेवाइकांत पाहिला आहे.

गाडीच्या मालकीणबाई एरवी दंतवैद्य असतात, ट्रॅकवर सारथी. दोन्हीकडे समोरच्याला घाम फोडतात. हेल्मेट काढून म्हणाल्या, "काका, तिसऱ्यांदा झालं हे. येत्या रविवारी शर्यतीत थांबली ना, तर सोमवारी गाडी त्या लॅपटॉपवाल्यांकडे देणार. राग मानू नका."

राग? छे! पाना हातातून निसटला आणि भिंतीपर्यंत गेला, इतकेच.

माझ्याकडे शर्यतीची हीच एक गाडी. बाकीच्या रिव्हर्स घेतानासुद्धा धापा टाकतात. ही गेली की मी केवळ पंक्चर आणि पश्चात्ताप यांचा तज्ज्ञ. लॅपटॉपवाले पडद्यावरच्या रेघा पाहून निदान करतात. मी सव्वीस वर्षे या कर्णद्वयाने केले. इंजिन माझ्याशी बोलते!

५ मार्च, मंगळवार

फिल्टर बदलला. जुना कापून पाहिला — आत नवजात अर्भकाच्या अंतःकरणासारखा निर्मळ. ट्रॅकवर नेली. आठवी फेरी. उचकी. गवत.

परत आल्यावर तेरा-चौदा (माझा सहकारी, त्या नंबरच्या पान्यासारखा दोन्ही टोकांनी उपयोगी, म्हणून हे नामाभिधान) झाकण उघडता उघडता काहीतरी पुटपुटला. मी गंभीरपणे मान डोलावली. मान डोलावणे हे अर्धे पांडित्य होय.

हल्ली सगळेच पुटपुटतात. स्पष्टोच्चार ही लुप्तप्राय कला झाली आहे.

घरी सौभाग्यवतींचे मौनव्रत अखंड चालू. जेवताना एकूण दोन शब्द — "वाढू?" आणि "पुरे?" कारण विचारले नाही. विचारणे हाच गुन्हा ठरण्याचा संभव.

६ मार्च, बुधवार

पंपाची जाहीर चौकशी. टाकीचे झाकण उघडे ठेवले, पाइप बादलीत सोडला आणि पंप दहा मिनिटे चालवला. धार अखंड, प्रेशर यथायोग्य. वायरी निर्दोष. रिले निर्दोष. सगळेच निर्दोष! तरीही सूडबुद्धीने पंप नवा बसवला.

आठवी फेरी. नवा पंपही जुन्याच तालमीत तयार झालेला निघाला.

तेरा-चौदा म्हणाला, "एक वेळ लॅपटॉप लावून बघायचा का?" त्याला चहा आणायला पाठवले. तो परत आला. चहा नव्हता, बिस्किटे होती. म्हणे "चहा संपलाय, बिस्किटं आणू?" असे त्याने दारातून विचारले आणि मीच मान डोलावली!

७ मार्च, गुरुवार

लिहिण्याजोगे काही नाही. संस्कृतात शिव्या फार थोड्या आहेत. त्या भाषेची हीच काय ती उणीव.

८ मार्च, शुक्रवार

आज इतिहास घडला. दुर्दैवाने माझ्या हातून नव्हे.

सौभाग्यवती ट्रॅकवर अवतरल्या! कधी येत नाहीत. आज आल्या, कारण घराच्या दोन्ही किल्ल्या मी खिशात घालून आलो होतो. त्याच वेळी आम्ही गाडी आठव्या फेरीतून ढकलत परत आणत होतो. तेरा-चौदाने झाकण उघडले. सौभाग्यवती माझ्यासमोर येऊन ओरडल्या, "अहो, ही टाकी दर वेळी असं करते?"

"असं म्हणजे कसं?"

"फुस्स! घट्ट झाकणाची बरणी उघडताना होतं तसं. हवा आत ओढली तिने."

"कल्पनाविलास," मी म्हणालो.

"नाही हो, होतो की आवाज," तेरा-चौदा म्हणाला. "मंगळवारीच सांगितलं तुम्हाला. तुम्ही मान डोलावलीत!"

"मला तर हेल्मेटमधूनही ऐकू आला, काका," मालकीणबाई. दंतवैद्यानेच दात काढले, तर दाद कोणाकडे मागावी?

मग डोक्यात लख्ख प्रकाश. टाकीतून जितके पेट्रोल बाहेर जाईल, तितकी हवा आत यायला हवी. त्यासाठी एक बारीक नळी असते. ती बंद झाली की टाकी आतून आवळत जाते आणि पंप ओढून ओढून हरतो. आणि आम्ही काय करत होतो? प्रत्येक वेळी झाकण उघडून हवा आत घेत होतो! रोग्याला आधी बरे करायचे, मग नाडी पाहून म्हणायचे — रोग नाही!

नळी सापडली. मागच्या महिन्यात बसवलेल्या अग्निशामकाच्या पट्टीखाली पार चिरडलेली. पट्टी कोणी आवळली? याच हस्तकमलांनी. वर एक आटा जास्त, प्रेमाने.

नळी बदलली, वेगळ्या वाटेने नेली. बारा फेऱ्या — उचकी नाही!

नंतर, हट्टाने, तेरा-चौदाला नळी बोटाने दाबून धरायला लावली, इंजिन बराच वेळ चालवले, आणि झाकणाला कान लावून सौभाग्यवतींना ते उघडायला सांगितले. तिघांच्याही चेहऱ्यांवर "बघा!" उमटले.

मला काही ऐकू आले नाही.

१० मार्च, रविवार

बाराच्या बारा फेऱ्या. चौथा क्रमांक. मालकीणबाईंनी पाठीवर थाप मारली, "काका, गाडी तुमच्याकडेच राहणार." त्यापुढे काहीतरी पुटपुटल्या. मी मान डोलावली.

"काय म्हणाले मी?"

सापडलो.

"कानाच्या डॉक्टरकडे जा, म्हटलं. डोलावलीत ना मान? आता जा."

२ एप्रिल, मंगळवार

आज दोन्ही कानांत यंत्रे बसली. डॉक्टर म्हणाले, बारीक आवाज सहा-सात वर्षे तरी तुमच्यापर्यंत पोचत नसावेत.

घरी आलो. ती ओट्याशी, माझ्याकडे पाठ. बोलत होती. नळ पुन्हा गळतोय. धाकटीचा फोन आला होता, तुमची आठवण काढत होती. आज उशीर झाला तुम्हाला, दमलात का. उत्तरासाठी कुठे थांबत नव्हती. थांबायची सवय मोडलेली.

मौनव्रत नव्हतेच.