दस्त्यावरचं रबर

११ जानेवारी
निवडणुकीसाठी ठाण्यात जमा केलेली रायफल हे आज परत घेऊन आले. मामंजींची आहे. शेतात लाखोळीच्या पिकात डुकरं येतात म्हणून घेतली होती म्हणे. लग्न होऊन आल्यापासून तिनं एक डुक्कर पाडलेलं मी पाहिलं नाही. दरवेळी आणतात, लोखंडी अलमारीत ठेवतात, विषय संपला. आज ठेवली नाही. दिवाणावर आडवी ठेवून पाहत बसले. जेवायला बोलावलं तर ‘हौ’ म्हणाले, उठले नाहीत.

१३ जाने.
खांदा धरल्यापासून यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान बंदच. आज पहिल्यांदा कात्री, कानस, सोल्युशन घेऊन अंगणात बसले. बरं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर सायकल नव्हती. जुन्या चपलांचे तळवे कापून एकावर एक चिकटवून रायफलच्या दस्त्याला मागून लावत होते.
“हे काय?”
“गोळी सुटली का खांद्याले धक्का लागते. रबर असलं का लागत नाही.”
“पण तुम्ही चालवता कुठं?”
सोल्युशनच्या डब्बीचं झाकण शोधत राहिले. झाकण समोरच होतं.

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ दिला. घेतला, खिशात टाकला.

१६ जाने.
फोन आला की गोठ्यामागं जातात. आज मी शेणाची पाटी घेऊन मुद्दाम तिकडं गेली. एवढंच ऐकू आलं: “तिले सांगू नको अजून.” मला पाहून फोन कापला. म्हणाले, राँग नंबर.

१७ जाने.
कोणावर राग आहे यांचा? एकच नाव येतं. सुधाकर भाऊजी, यांचे धाकटे भाऊ. रामपायलीत राहतात. मामंजी गेल्यावर, हे मोठे म्हणून लायसन यांच्या नावावर करायचं ठरलं. नेम मात्र भाऊजींचा. तेरवीच्या पंगतीत सगळ्यांसमोर बोलले होते, “दादाले बंदुकीतलं काय कळते? मोठेपण तेवढं कळते.” ताटावरून उठले, ते या घरात परत आले नाहीत. हे त्या दिवशी काहीच बोलले नाहीत. न बोलणाऱ्या माणसाचीच भीती वाटते.

१८ जाने.
पिंकीला बालाघाटला फोन केला. सगळं सांगितलं. हसली. “आई, तू ते क्राइमवाले प्रोग्राम पाहणं बंद कर.” मग थोडं थांबून, हिंदीत, “पापा खाना तो ठीक से खा रहे हैं ना?”
मी म्हटलं, खातात.
तिनं असं काहून विचारलं?

१९ जाने.
अंगणवाडीत खिचडी ढवळता ढवळता मनात आलं: ज्याला स्वतःचंच वाईट करायचं, तो खांद्याला लागेल म्हणून रबर लावेल का? नाही लावणार. एकदम हलकं वाटलं. लगेच लाजही वाटली, कारण मग दुसरंच उरतं. दुसऱ्याच्या घरी जे होईल ते.
खिचडी खाली लागली.

२१ जाने.
हे दाढी करायला गेले तेव्हा अलमारी उघडली. गोळ्यांचा डबा उचलून कोठीत, तांदळात पुरून टाकायचा असं ठरवलं होतं. डबा नाहीच. पांघरुणाखाली, मामंजींच्या पेटीत, पोटमाळ्यावर, सगळीकडं पाहिलं.
म्हणजे दुसरीकडं ठेवल्या. माझ्यापासून लपवून.
संध्याकाळी भाजीत मीठ टाकलंच नाही. यांनी मुकाट्यानं खाल्ली. यांना चव तरी कळते का आता?

२३ जाने.
रबरावर ट्रॅक्टरच्या ट्यूबचा पट्टा ओढून बसवला. काम साफ. सायकल-मिस्त्रीचा हात आहे शेवटी. मग खांद्याला लावून पाहिली. मी स्वयंपाकघराच्या जाळीतून पाहत होती. दस्ता एवढा लांब झाला की यांचं बोट घोड्यापर्यंत पुरतच नव्हतं. हे बुटके, हात आखूड. मला वाटलं, आता एक तळवा काढतील.
पट्टा सोडला आणि अजून एक तळवा लावला.
मग हे कोणासाठी? या घरात लांब हातांचे दोघंच. एक मामंजी, ते गेले. दुसरे...

२४ जाने.
सरळ विचारलं. “हे भाऊजींच्या मापाचं आहे ना?”
रबरावरून अंगठा फिरवत म्हणाले, “त्याचाच हात लांब आहे.”
“बोलणं सुरू आहे तुमचं?”
“हौ.”
“कधीपासून?”
“पोळ्यापासून.”
पोळ्यापासून! इतके महिने एका घरात राहून मला कळू दिलं नाही. बंदुकीपेक्षा याचाच राग आला. आणि नवीन भीती. दोघं भाऊ मिळून काय करून राह्यले?

२७ जाने.
अंगणवाडीतून आली तर दारात मोटरसायकल. भाऊजी अंगणात खुर्चीवर. डोक्याचे सगळे केस पांढरे झालेत. “वहिनी, चहा ठेवा,” म्हणाले, काल येऊन गेल्यासारखं.
चहा झाल्यावर रायफल खांद्याला लावली. बरोब्बर बसली. हे बाजूला उभे, लहान पोरासारखे त्यांच्या तोंडाकडं पाहत. “नाही लागणार आता. बाबाच्या वेळी तुह्या खांद्यावर वळ उठे.” भाऊजींनी मान खाली घातली.
लायसन भाऊजींच्या नावावर करायचा अर्ज बालाघाटला दिलाय. होईपर्यंत रायफल ठाण्यात राहणार. चादरीत गुंडाळली. हे चपला घालायला आत गेले तेवढ्यात भाऊजी हळूच बोलले.
“दादानंच दुकानावर बोलावलं होतं मले, पोळ्याच्या दिवशी. ‘ही बंदूक घरातून घेऊन जाय’ म्हणे. काहून म्हणून पुसलं तर रडला. निवडणुकीत बंदूक जमा केली, तवा गोळ्याही देल्या. त्या परत आणल्याच नाहीत त्यानं.”
“मग बंदूक काहून आणली?”
“रबर लावून देतो म्हणे. माह्याजवळ द्याले दुसरं काही नाही म्हणे.”
दोघं गेले. मी दाराला धरून उभी होती. एकोणीस तारखेला रबराचं काय लिहिलं ते वाचलं. किती शहाणी समजत होती मी स्वतःला.

२८ जाने.
“पोळ्याले काय झालं होतं?”
“काही नाही. खांदा दुखे.”
“खांदा दुखला म्हणून माणूस रडते का?”
“दुखते तवा कळते,” म्हणाले. रेडिओ लावला.
पिंकीला फोन केला. रविवारी येते. डॉक्टरशी बोलून ठेवते म्हणाली. तिला आधीपासून शंका होती. मलाच नव्हती.

३० जाने.
भाऊजी काल आले, आजही येतो म्हणालेत. हे त्यांच्याशी बोलतात. माझ्याशी नाही.
सकाळी हे विहिरीकडं निघाले. मी झाडू टाकून मागं.
“तू काहून येतं?”
“मिरचीले पाणी घालाचं आहे.”
मिरची यंदा आपण लावलीच नाही. त्यांनाही माहीत आहे. बादली सोडली, ओढली, दुखऱ्या खांद्यानं, आणि भरलेली माझ्या हातात दिली. मग दोघंही तिथंच उभे. ते जाईनात, मीही जाईना.