चाळीस जणींची आई

शुक्रवार पेठ, सोलापूर
९ जानेवारी १९७५

प्रिय आई,

‘तीर्थरूप’ लिहिण्याइतकं मन आज सरळ नाही, म्हणून नुसतं प्रिय. तेही रागानंच लिहिलंय. मला आठवा लागला. पाय सुजतात, जिना चढताना धाप लागते, आणि गल्लीतली प्रत्येक बाई विचारते, पहिलटकरीण ना तू, माहेरी कधी जाणार? मी हसून वेळ मारून नेते. सांगू तरी काय? आप्पा गेले, त्यांच्यामागं गिरणीची खोली गेली, आणि तू अकलूजला मुलींच्या बोर्डिंगात स्वयंपाकाला लागलीस.

दोन वर्षांत तू केवढी बदललीस गं! श्रावणात मी राहायला आले, तेव्हा फाटकातून तुला ओळखलंच नाही. मनगटावर घड्याळ, डोळ्यांना चष्मा, आणि भाजीवाल्याला चारचौघांत सुनावत होतीस, “ही वांगी तुज्या घरी ने की. माज्या पोरी किडकं खात न्हाईत.” माझ्या पोरी! आप्पा होते तेव्हा दारात पोस्टमन आला तरी तू पदर ओढून आत पळायचीस आणि मला पुढं करायचीस. शाळेत बाईंनी मला विनाकारण मारलं, तर “गप ऱ्हा, आप्पास्नी सांगू नगंस,” म्हणून माझंच तोंड दाबलंस. विसरले नाही मी.

जेवायला मला पोरींच्याच पंगतीत बसवलंस. बसले. हात धुतले, तर म्हणालीस, “राजे, ताट घासून ठिव. हितं समद्यास्नी नियम एकच.” माहेरवाशिणीनं आपलं उष्टं ताट घासल्याचं कुणी ऐकलंय? मी हौदावर बसले, आणि शेजारी ती सांगोल्याची कमरबी, पुढचे दोन दात पडलेली, मला शिकवत होती राख किती घ्यायची ते! तिला ताप आला तेव्हा तू तीन दिवस तिच्या उशाशी बसलीस, हेही तिनंच सांगितलं, मोठ्या कौतुकानं. माझ्या अंगाची लाही लाही झाली. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं परत आले, घरी काम आहे म्हणून. काम कसलं डोंबलाचं!

अजूनही पोटात दुखतं माझ्या, आणि त्याचा आठव्या महिन्याशी काही संबंध नाही. त्या पोरी तुला आई म्हणतात ते एक वेळ सोसेन. पण माझ्या वाट्याला आली ती भिऊन जगणारी, दबक्या आवाजात बोलणारी आई. आणि त्यांना मिळाली ही हसणारी, भांडणारी. मलाही हीच हवी होती गं. मी काय लवकर जन्मले म्हणून चुकले?

परवा दुपारी पोटऱ्यांत असे गोळे आले की मी जमिनीवरच बसले. सासूबाईंनी तेल चोळलं. “म्या हाय की. भिऊ नगंस,” म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “आई.” त्यांनाच. तीन वर्षांत मी त्यांना आत्याबाईच म्हणत आलेय. नंतर किती तरी वेळ भिंतीला टेकून बसले. तुझ्यावरची माया काही कमी झाली का, चाचपत होते. तिळभरही नाही. उलट तुझीच आठवण जास्त आली. मग त्या पोरींनी तरी माझं काय नेलं?

म्हणून हे पत्र. दिवाळीत तू लिहिलं होतंस की सातव्यात ये, बोर्डिंगच्या मागं मला दोन खोल्या दिल्यात, पोरी बाळाला दुपटी शिवताहेत. ते पत्र मी ट्रंकेत साड्यांखाली दडवलं आणि घरात सांगितलं, आईला सवड नाही. आत्याबाई दोन महिने तुला नाही नाही ते बोलल्या. मी ऐकून घेतलं. खरं सांगते, बरंही वाटलं. काल ते पत्र काढून त्यांना वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, “पोरी, लई वंगाळ केलंस. जा आदी आयकडं.” रविवारी हे सोडायला येतील. तू झालीस तशीच राहा, मी कुरकुरणार नाही. फक्त कळा सुरू झाल्या की त्या चाळीस जणींना बाहेर काढ आणि आतून कडी लाव. तेवढा वेळ तू माझ्या एकटीची. मग उघड दार आणि दाखव त्यांना बाळ.

तुझीच (हा ‘च’ नीट वाच),
राजी