तिसरा उजेड

रवि. १२ जाने., जळगाव

सुनीलने मोबाईलवरूनच तिकिटं काढून दिली. म्हणाला, "नाना, आईला घेऊन जा, घरात बसून काय करता?" दु. एकचा खेळ. दारात एका पोरीने पिशवी तपासली. सौ.चा चिवड्याचा डबा काढून ठेवला, माझी तीन सेलची बॅटरी जाऊ दिली. धुळ्याच्या थेटरात मी एकतीस वर्षं जिने लोकांना खुर्च्या दाखवल्या, ती चिवड्यापेक्षा गरीब दिसली म्हणायची. पायऱ्यांना लागते म्हणून बाळगतो.

खुर्ची मऊ. सौ. म्हणाली, "इथं पिच्चर बघायचा की बाळंत व्हायचं?"

वाटेच्या पलीकडे, आमच्याच ओळीत, दोन बाया. एक म्हातारी, दुसरी तिची सून असावी. सारखी कुजबुज. पुढचे लोक वळून वळून च्यक च्यक करत होते. मग केली आपली जुनी रीत. पहिला उजेड पायावर. गप्प. पाच मिनिटांत पुन्हा सुरू. दुसरा मांडीवर. पुन्हा तेच. तिसरा तोंडावर. तिसऱ्यानंतर धुळ्याला कोणी बसत नसे. याही उठल्या. सुनेने म्हातारीच्या दंडाला धरलं नि दोघी अंधारात चाचपडत गेल्या. मध्यंतर पण झालं नव्हतं.

पुढच्या एका चष्मेवाल्याने मला अंगठा वर करून दाखवला.

बॅटरी अजून चालते. सौ. घरी येईपर्यंत बोलली नाही. गुडघे दुखत असतील.

सोम. १३

गुडघे दुखत नव्हते.

सकाळी चहा पुढे ठेवून म्हणाली, "ती सून सासूला पिच्चर सांगत होती. अहिराणीतून. ऐकू नाही आलं तुम्हाला?"

आलं होतं. "ती बाई शहरमा चालनी. म्हैस बांधी टाकी. आते रेल्वेमा बठनी." असं चाललं होतं.

धुळ्याला बायकांच्या बाजूला तिसरा उजेड मारायचा नाही, हा माझाच नियम. खेड्यावरून बैलगाडीने आलेल्या दहा जणींमागे हिंदी समजणारी एखादी. तीच बाकीच्यांना सांगायची. मालक म्हणायचे, तिला गप्प केलं तर दहा खुर्च्या रिकाम्या होतील. मी तिला मुद्दाम मधली खुर्ची देत असे, दोन्हीकडे ऐकू जावं म्हणून. हे सगळं माहीत असलेला माणूस मी.

पण लोकांना त्रास होत होता ना? होत होता. हेही खरं आहे. दिवसभर हेच खरं धरून बसलो.

मंगळ. १४, संक्रांत

सौ.चा डबा तिथंच राहिला होता. तो आणायला गेलो. दारावरच्या पोरीने फळीवरून काढून दिला. सहज विचारल्यासारखं विचारलं, परवाच्या त्या दोघी कोण होत्या गं?

"त्या होय? आमच्या मंगलाताई. आत झाडायला असतात. आठ दिवस झाले लागून. मॅनेजरसाहेबांनी दोन पास दिले होते, सासूला दाखवायला. तर कोणीतरी बॅटरी मारून उठवलं म्हणे. आमच्यातलं तर कोणीच नव्हतं, आबा."

तेवढ्यात मंगला आलीच, हातात झाडू. पस्तिशीची असेल. हसरी. पोरीने सांगितलं, आबा तुमचीच चौकशी करतायत. ती म्हणाली, "काय सांगू, उजेड असा डोळ्यात गेला, समोरचं काही दिसेना. मला वाटलं मोठे साहेब आले. पासवर बसून बडबड करते म्हणून नोकरी जाते आता. सासूला म्हटलं, ऊठ माय, ऊठ. त्यांनी आयुष्यात थेटर पहिल्यांदा पाहिलं होतं."

मग पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. "तीळगूळ घ्या आबा, गोड बोला."

घेतला. तोंडात घोळवत उभा राहिलो. तिथंच सांगायचं होतं. तोंडात तीळगूळ होता, असं निमित्त स्वतःला दिलं. एवढ्याशा लाडवाला किती वेळ लागतो?

गुरु. १६

रविवारी एक गोष्ट लिहिली नाही. ही वही माझी, वाचणारा मी, तरी लपवली.

दुसऱ्या उजेडानंतर तो चष्मेवाला माझ्याकडे वळून म्हणाला होता, "काका, तुमच्याबरोबरच्या आहेत का या? गप्प करा ना त्यांना." माझी टोपी बघून म्हणाला असेल.

मी म्हटलं, "छे छे, आमच्या नव्हेत."

आणि लगेच तिसरा मारला. म्हणजे तो उजेड बडबडीसाठी नव्हताच. त्या नि मी एका गावकीतले दिसतो, याची लाज वाटली. माझी माय मरेपर्यंत अहिराणीशिवाय दुसरं बोलली नाही. सुनील शाळेत जायला लागला तेव्हा घरातली अहिराणी बंद करणारा मीच. ती बिचारी नातवाशी बोलताना शब्द शोधायची, मग नुसती डोक्यावरून हात फिरवायची.

सौ.ला हे वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला काय सांगता? जिला सांगायचं तिला सांगा."

शनि. १८

गेलो. मंगला पायऱ्यांवर बसून डबा खात होती. मला बघून सरकून जागा केली. सांगायचं ठरवून गेलो होतो, जिभेवर दुसरंच आलं. "पोरी, मी तो पिच्चर पूर्ण पाहिलाय. तुझ्या सासूला पुढचं सांगू का?"

"त्या गावी गेल्या ना आबा. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. रोज फोन करून विचारतात, पुढे काय झालं गं? मला तरी कुठं माहीत? रोज पाच वेळा इथं शेवट होतो. मी झाडू घेऊन आत जाते, तेव्हा पडद्यावर नुसती नावं वर चढत असतात."

गावाचं नाव विचारून घेतलं. "एवढ्या लांब कशाला जाता?" म्हणाली. मी म्हटलं, त्या बाजूला काम आहे. काम काय, ते तिने विचारलं नाही.

सोम. २०

सकाळच्या एसटीने चोपडा, तिथून काळीपिवळी जीप. म्हातारी ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. मंगलाने फोन करून ठेवला होता. "ये भाऊ, बस," म्हणाली आणि अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. पाहुणा म्हणून रिकामा बसू देईना.

तिच्या उजव्या कानाशी बसून सांगितलं. पुष्कळ वर्षांनी अहिराणी बोललो. आधी अडखळत होतो, मग आपोआप यायला लागली. ती बाई शहरात कशी उतरली, मुलाला कशी शोधत फिरली, तो कुठं सापडला. म्हातारी शेंगा फोडत ऐकत होती. मुलगा सापडला तेव्हा "बरं व्हयनं" एवढंच. मग हात थांबवून म्हणाली,

"आनि म्हैसनं काय व्हयनं?"

"कोणती म्हैस, माय?"

"ती बाई म्हैस बांधीसन गयी ना! चार दिन व्हयनात. तिले पानी कोनी पाजं?"

मला आठवेना. म्हैस पुढे दाखवली की नाही, तेच आठवेना. म्हातारी माझ्याकडे बघून हसली. "तू पिच्चर देखा का झोपी गया व्हता?"

खरं म्हणजे उरलेला पिच्चरभर माझी नजर त्या दोन रिकाम्या खुर्च्यांकडेच जात होती.

मग तीच म्हणाली, "तो बॅटरीवाला बी कितला कडक! पन त्यानी काय चूक? मन्हाच कान जड शेतस. मंगलाले जोरमा सांगनं पडे. त्यानं कामच शे ते."

रागावली असती तर कबूल करून मोकळा झालो असतो. तिने मला आधीच माफ केलं, मी कोण ते माहीत नसताना. खाली मान घालून शेंगा फोडत राहिलो. निघताना तिने पसाभर दाणे रुमालात बांधून दिले. घरी आणलेत. सौ.ने डब्यात भरले. मी हात लावलेला नाही.

मंगळ. २१

पुन्हा जाऊन बसलो, एकटा. म्हैस आहे. मध्यंतरानंतर थोड्या वेळाने. शेजारीण तिला सोडून हौदावर नेते, म्हैस पाणी पिते, मान हलवते. डोळा लवला की गेलं.

फोन करून सांगता आलं असतं. पण हे सांगण्याचं काम नाही. हे तिने बघायचं आहे.

बुध. २२

उद्या पिच्चरचा शेवटचा दिवस, शुक्रवारी नवा लागतो. सुनीलकडून उद्या दु. एकची चार तिकिटं काढून घेतली. मागची ओळ, कोपरा. मॅनेजरला भेटलो. म्हटलं, आमच्यातलीला कमी ऐकू येतं, सांगत सांगत बघावं लागेल. तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी हॉल रिकामाच असतो काका, खुशाल बसा." एवढं विचारायला रविवारी माझी जीभ का उचलली नाही?

"आमच्यातली" म्हणालो. म्हणून झाल्यावर लक्षात आलं.

मंगलाला उद्या सुट्टी मिळाली. माझ्यासमोरच तिने सासूला फोन लावला, आवाज मोठा करून. म्हातारी आधी खूश. "येस ना! सकायनी गाडी धरस." मग थांबली.

"पन तो बॅटरीवाला ऱ्हाई का तठे?"

मंगला हसली नि फोन माझ्या तोंडाशी धरला. "आबा, तुम्हीच सांगा त्यांना, नाही म्हणून."

म्हटलं, "ऱ्हाई, माय. तुन्हा शेजारलेच बठी तो."

तिकडून काही नाही. कान जड, ऐकलं की नाही कळेना. मग फोन बंद झाला. तिकडून ठेवला की कट झाला, तेही कळलं नाही. मंगला माझ्या पिशवीकडे बघत होती, बॅटरीचं तोंड बाहेर आलेलं. तिचा चेहरा मला वाचता आला नाही. तेवढ्यात खेळ सुटला, लोक बाहेर येऊ लागले, ती झाडू घेऊन आत गेली. वळून पाहिलं नाही.

संध्याकाळी सौ.ला विचारलं, बॅटरीतले सेल काढून ठेवू? म्हणाली, "राहू द्या. म्हातारी आली तर पायऱ्या दिसायला हव्यात तिला."

चोपड्याची गाडी अकराला लागते. मी दहालाच स्टँडवर जाऊन बसेन.