पाटीवरचं नाव

हेरात,
१० असद १३९२

प्रिय लाला,

सलाम. तुझे गुडघे, वहिनीची पाठ, नातवंडांचे खोकले, सगळं आटोक्यात असावं अशी दुआ करते. इकडे आम्ही सुखरूप. रोजे चालू आहेत, उन्हाळी वारा सुटलाय, आणि अंगण कितीही वेळा झाडलं तरी दातांखाली वाळू येतेच. वेलीला यंदा द्राक्षं एवढी लागलीत की मांडव वाकलाय. तुझ्या आवडीची, ती लांबट. ईदपर्यंत पिकतील.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. शेजारचा यासीन तुमच्या मशहदला बसने निघालाय, त्याच्या हाती देते. तो बिचारा भोळा आहे, त्याच्यावर डाफरू नकोस. इफ्तारला बसवून घे.

तुझा निरोपही त्यानेच आणला होता. माझ्यासमोर मान खाली घालून उभा राहिला आणि पाठ केल्यासारखा म्हणाला, "लाला म्हणालेत, आधी ती पाटी उतरवा. पाटी उतरेपर्यंत ईदलाच काय, मयतीलाही तुमच्या दारात पाय ठेवणार नाही."

मयतीला म्हणे! कुणाच्या रे? माझी तब्येत ठणठणीत आहे.

पाटीवर मी येतेच. आधी तुझ्या भाचीचं ऐक, कारण तुझे कान ज्याने भरले त्याने अर्धंच सांगितलेलं दिसतंय.

रोदाबाने कॉम्प्युटरची कंपनी काढली हे तुला ठाऊक आहे. ती काढताना काय झालं, ते ठाऊक नाही. जागा बघायला जायची, तर घरमालक विचारायचा, "मालक कुठे आहेत? वडलांना पाठव." ही म्हणायची, "मालक तुमच्यासमोर उभी आहे, काका. वडील मागून येताहेत, चहाचा थर्मास घेऊन." आणि हे खरोखरच थर्मास घेऊन जिना चढत असायचे! अशा कितीतरी जागा हुकल्या. शेवटी अत्तरवाल्याच्या वरचा मजला मिळाला. आज तिथे तिच्या हाताखाली दहा-बारा पोरी काम करतात. संध्याकाळी गाडी त्यांना घरोघर सोडते, कुणाच्या आईबापाला काळजी नको म्हणून. मुलीने धंदा असा चालवलाय की बाजारातले दाढीवाले सल्ला विचारायला येतात, आणि विचारताना भिंतीकडे बघतात.

मग इथल्या एका दवाखान्याचं काम आलं. रोग्यांची सगळी माहिती कॉम्प्युटरवर घ्यायची. ती कामाला लागली तेव्हा तिला कळलं की बायकांच्या वॉर्डात एकाही बाईला नाव नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. एका खाटेवर गुलाम रसूलची बायको आणि शेजारच्या खाटेवरही गुलाम रसूलची बायको. दोन्ही खऱ्या, कारण त्या गृहस्थाला दोन आहेत. एकीचं औषध दुसरीला टोचलं गेलं. बाई मरता मरता वाचली.

त्या दिवशी पोरगी जेवली नाही. म्हणाली, "आई, तिचा गुन्हा काय? तर तिचं नाव कुणी घेत नाही."

तिने मग प्रोग्रॅमच असा केला, की बाईचं स्वतःचं नाव घातल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. नाव विचारायला पडद्याआड एक मुलगी बसवली. बाहेर पुकारा होतो तो फक्त नंबराचा. अब्रूही राहते आणि औषधही जिचं तिला जातं. डॉक्टर हसले. "रोदाबाजान, चार दिवस चालेल हे," म्हणाले.

आता जे लिहिते, ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ते घडलं तेव्हा मी तिथे होते. साखर तपासायला गेले होते आणि बायकांच्या बाकावर डोक्यावरून चादर ओढून बसले होते. एक गृहस्थ बायकोला घेऊन आला. चांगला उंचापुरा, घोरियानकडचा असावा. खिडकीशी म्हणाला, "लिहा, आमची मंडळी."

आतली मुलगी म्हणाली, "मंडळींचं नाव काय, काका?"

"नावाशी काय करायचंय? ताप तिला आलाय, नावाला नाही!"

लोक हसले. मुलगी बावरली. रोदाबा नेमकी तिथेच होती, ती पुढे झाली आणि समजावू लागली. तो आणखी तापला. भर दवाखान्यात ओरडला, "दुसऱ्यांच्या बायकांची नावं विचारत सुटलीस! तुझ्या आईचं नाव सांगशील का चारचौघांत? आहे हिंमत?"

चारचौघांत आईच्या नावाला हात घातला, की पुढे एक तर मारामारी होते, नाही तर माणूस मान खाली घालून निघून जातो. तुला मी काय सांगू?

माझी लेक म्हणाली, "दिलारा. माझ्या आईचं नाव दिलारा. तिने मला लिहायला शिकवलं."

लाला, मी चादर आणखी पुढे ओढली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटलं. आणि तरीही, खरं सांगते, तोंडातून 'ओ' निघता निघता राहिली. एवढ्या लोकांत माझं नाव कुणी कधी घेतलंच नव्हतं.

तेवढ्यात त्या माणसाच्या मागून, त्याच्या बायकोच्या चादरीतून बारीक आवाज आला, "फीरोजा. फीरोजा लिही पोरी."

"अगं, हळू!" तो म्हणाला.

"हळूच तर बोलले. लग्नापासून पहिल्यांदा बोलले."

त्यानंतर कंपनीचं जुनं नाव रोदाबाने काढून टाकलं आणि नवी पाटी लावली. मोठी, निळी, बाजारातून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी. 'दिलारा कॉम्प्युटर'. मी रडले, भांडले. म्हटलं, "तुझे मामा मला टाकतील." ती म्हणाली, "आई, मी गावभरच्या बायकांना नाव सांगायला लावते. माझ्याच आईचं झाकून ठेवू?" याला उत्तर असलं तर तू कळव.

यांचं विचारशील, तर हे दोन दिवस पाटीकडे फिरकले नाहीत. नुसता चहा पीत राहिले. तिसऱ्या दिवशी शिडी घेऊन गेले. मला वाटलं, आता उतरवणार. तर पगडीच्या टोकाने पाटीवरची धूळ पुसून आले! आता रोज पुसतात. कुणी टोमणा मारला तर म्हणतात, "वारा फार आहे ना, वाचता येत नाही लोकांना."

तेव्हा लाला, पाटी उतरणार नाही. हे एक वाक्य लिहायला मी एवढं पान भरलं.

तुझ्या रागाला मी हसत नाही. तुझा तो पुढचा दात माझ्या डोळ्यांसमोर आहे. कुणाच्या तरी आईने बायकांच्या हमामात न्हाताना आपल्या दोघांच्या आईचं नाव ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी तिचा पोरगा शाळेच्या दारात ते ओरडत सुटला. तू एकटा आणि ते चौघं. रक्ताने भरलेलं तोंड घेऊन तू घरी आलास. आईने लवंग ठेचून दाताच्या जागी दाबली, आणि काय म्हणाली होती ते तुला आठवतं. आठवत नाही असं मला सांगू नकोस. म्हणाली होती, "अरे वेड्या, माझं नाव म्हणजे काय शिवी आहे?"

तू काहीच बोलला नव्हतास. तोंडात लवंग होती.

तिच्या कबरीवर लिहिलंय, हाजी याकूबची पत्नी, अब्दुल वदूदची आई. तुझं नाव आहे तिथे, तिचं नाही. नातवंडं तिला बीबीजान म्हणत आली. तिचं नाव ठाऊक असलेली माणसं आता दोनच उरलीत, तू आणि मी. आपल्यामागे ते कुणाला सापडायचंही नाही. हे मनात आलं की इफ्तारचा हातात घेतलेला खजूरही मी परत खाली ठेवते.

ईदनंतर रोदाबा मुलींना कॉम्प्युटर शिकवायला एक वर्ग काढते आहे. त्या दाराची पाटी तयार आहे, पण कोरी. तिला आजीचं नाव द्यायचंय. माझ्या मागे लागली होती. मी सांगितलं नाही. तुझ्या भीतीने नाही हं. म्हटलं, त्या नावासाठी ज्याचा दात गेला, त्यानेच ते सांगावं. त्याचा मान आहे.

म्हणून ये. ईदच्या सकाळी आधी आईकडे जाऊ, मग बाजारात. माझ्या पाटीखालून जाताना मान वर करू नकोस हवं तर. तुझ्या भाचीसमोर उभं राहून तेवढा एक शब्द बोल. रागाने बोललास तरी चालेल. मी द्राक्षं झाकून ठेवते, पाखरं टपून आहेत.

आजवर प्रत्येक पत्राखाली मी नुसतं 'तुझी बहीण' असं लिहीत आले. वाटेत परक्याच्या हाती पडलं तर, म्हणून. यासीनला वाचता येतं, आणि तो हे वाचल्याशिवाय राहणार नाही. वाचू दे.

तुझी बहीण
दिलारा